नुसती चाल

गोंडपिपरीच्या एका शाळेत गुणवंतराव निमगडे यांनी एकतीस वर्षं सुतारकाम शिकवलं. एवढ्या वर्षांत आपल्या हातून एकही सांधा वाकडा गेला नाही, असं ते सांगायचे, आणि नवलाची गोष्ट म्हणजे गावही तेच सांगायचं. गावातल्या कितीतरी घरांची दारं त्यांच्या हातची होती. शाळेचे बाक त्यांचे, पंचायतीतली साहेबाची खुर्ची त्यांची, तलाठ्याची कागदपत्रांची पेटी त्यांची, विहारातल्या मूर्तीखालचा चौरंगसुद्धा त्यांचाच. कुणी काम सांगितलं की गुरुजी नाही म्हणत नसत. घरचं काम तेवढं मागं राही. घर कुठं पळून जात नाही, अशी त्यांची समजूत होती.

गाणंबजावणं त्यांच्या गावीच नव्हतं. त्यांची एकुलती एक मुलगी सत्यशीला सातवीत असताना शाळेच्या गाण्यात भाग घेते म्हणाली, तेव्हा त्यांनी तिला गणिताचं जास्तीचं पुस्तक आणून दिलं. मुलगी शिकली, नर्स झाली, तिकडे सिरोंच्याला दवाखान्यात लागली. खुशाल नावाच्या ग्रामसेवकाशी तिचं लग्न झालं. त्यामुळे त्या पुस्तकाचं गुरुजींना कधी वाईट वाटलं नाही.

बायको मीराबाई ब्याऐंशी साली तापानं गेली. दोन वर्षांनी गुरुजी रिटायर झाले. मग घरात ते, त्यांची हत्यारं आणि भुशाचा वास एवढंच उरलं.

शहाऐंशीच्या जुलैत सत्यशीलेचं पत्र आलं. दिवस गेले आहेत, नोव्हेंबरात बाळंतपण, इथंच दवाखान्यात करू, सुगंधा मावशीला पाठवून द्या. गुरुजींनी पत्राची घडी घातली, उघडली, पुन्हा वाचलं. नातवंडाला आपल्या हातची वस्तू द्यायची, हे तिथंच ठरलं. पहिल्यांदा मनात पाळणा आला, पण क्वार्टरात दवाखान्याचा लोखंडी पाळणा मिळणार आहे, असं पत्रातच लिहिलेलं होतं. सरकारी पाळणा असताना दुसरा करणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं.

पुढल्या आठवड्यात ते डोळे दाखवायला चंद्रपूरला गेले. डॉक्टरांच्या बैठकीत कपाटावर एक जपानी डबा होता. झाकण उघडलं की त्यातून बारीक आवाजात गाणं वाजे. गुरुजींनी तो तीनदा वाजवायला लावला आणि चौथ्यांदा उलटा करून तळाचे स्क्रू मोजायला लागले, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी तो हळूच त्यांच्या हातून काढून घेतला. पण त्यांना कळायचं ते कळलं होतं. आत एक फिरता रूळ, रुळावर बारीक खिळे, शेजारी पोलादी दात्यांची फणी. खिळा दात्याला उचलतो, सोडतो, दाता वाजतो. बसस्टँडवर शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाला ते म्हणाले, "यात काई नाई. फणीचा खेळ हाय." तो माणूस उठून दुसऱ्या बाकावर गेला.

लाकडाचा प्रश्न नव्हता. घराच्या आढ्याला दोऱ्यांनी बांधलेली एक सागवानाची फळी पंचवीस वर्षांपासून लटकत होती. लिलावात घेतलेली, गाभ्याची, उभ्या रेषांची, हात फिरवला तर तेल लावल्यासारखी. ती इतकी चांगली होती की तिच्या लायकीचं काम आजवर निघालंच नव्हतं. मीराबाई असताना तिनं दोनचारदा विचारलं होतं, या फळीचं काय करणार आहात. पाहू, असं गुरुजी म्हणायचे. ती फळी त्यांनी आता खाली घेतली, पंचवीस वर्षांचा धूर पुसला आणि मनाशी म्हणाले, हे काम तिच्या लायकीचं.

रूळ त्यांनी हळदूच्या लाकडाचा केला. पिवळं, चिवट लाकूड, खिळा मारला तरी चिरत नाही. खिळ्यांच्या जागी ग्रामोफोनच्या वापरलेल्या सुया. फणीसाठी करवतीच्या जुन्या पात्यातून तेरा दाते कापले. शाळेनं मोडीत काढलेलं भिंतीचं घड्याळ त्यांनी मागेच घेऊन ठेवलं होतं. त्यातली टोले देणारी स्प्रिंग, चाकं आणि वेग आवरणारा लहानसा पंखा डब्याच्या तळाशी बसवला. चावी पूर्ण दिली की रूळ न थांबता सहासात फेरे घ्यायचा, आणि एका फेऱ्यात एक कडवं. मधात बंद करायची कळ त्यांनी ठेवली नाही. सुरू झालेलं काम पुरं व्हावं, हे त्यांनी एकतीस वर्षं पोरांना सांगितलं होतं; आता डब्यासाठी वेगळा नियम कशाला?

चाल कोणती भरायची, हा प्रश्न त्यांना पडलाच नाही. मीराबाई पोरीला झोपवताना एकच गाणं म्हणायची. पोरगी मोठी झाली तरी गाणं सुटलं नाही; तांदूळ निवडताना तेच, सारवताना तेच. गुरुजी ओसरीत रंधा मारत असायचे आणि ती आत गुणगुणत असायची. ती चाल त्यांच्या कानात इतकी पक्की बसली होती की कुणी एक सूर चुकवला असता तर त्यांनी तिथंच थांबवलं असतं. पण स्वतः म्हणायला गेले तर घशातून भलतंच काही निघे. आणि शब्द एकही आठवेना. आठवेना म्हणणंही बरोबर नाही, ते त्यांनी कधी ऐकलेच नव्हते. आई पोरीला म्हणते त्या शब्दांत आपल्या कामाचं काय असणार?

म्हणून ते सुगंधाबाईकडे गेले. ही मीराबाईची धाकटी बहीण. दोघी बहिणी एकाच गावात दिलेल्या. नवरा गेल्यावर ती दोन गल्ल्या सोडून एकटीच राहायची. सोबत त्यांनी इसरूला घेतलं. इसरू शेजारच्या गावचा, भजनी मंडळात हार्मोनियम वाजवणारा. बाईनं गुणगुणायचं, इसरूनं सूर शोधायचा, गुरुजींनी दाता घासायचा, अशी योजना होती.

सुगंधाबाईनं सगळं ऐकून घेतलं. मग तिनं विचारलं, भाऊजी, हेच गाणं पाहिजे का? गुरुजी म्हणाले, हेच. ती म्हणाली, मला दुसरीही अंगाई येते, चांगली आहे. गुरुजी म्हणाले, मीराची पाहिजे. तिनं चुलीतलं लाकूड उगाच मागंपुढं केलं आणि तिसऱ्यांदा विचारलं, "भाऊजी, या गाण्याचे शब्द तुम्हाले मालूम हायेत ना?"

"शब्द डब्यात मावत नाईत, सुगंधाबाई," गुरुजी म्हणाले. "मले नुसती चाल पाहिजे."

तेव्हा सुगंधाबाईनं पदर तोंडाशी धरला आणि ओठ मिटून नुसती चाल गुणगुणली. पदर कशासाठी धरला हे गुरुजींनी पाहिलं नाही. ते दात्याची जाडी पाहत होते.

दोन महिने हे चाललं. दाता टोकाशी घासला की सूर चढे, मुळाशी घासला की उतरे, आणि कानशीचा एक हात जास्त पडला की सगळं वाया. इसरू डोळे मिटून एक बोट सुरावर धरून बसायचा आणि म्हणायचा, जरासा खाली, गुरुजी. आता जरासा वर. अकरा दाते फुकट गेले. सुगंधाबाईनं तेवढ्यात चाल इतक्यांदा गुणगुणली की शेजारणी विचारायला लागल्या. नोव्हेंबर उजाडला तेव्हा फणी तयार होती, पण रूळ कोराच होता. त्या रुळाकडे पाहून सुगंधाबाई निश्चिंत मनानं सिरोंच्याच्या बसमध्ये बसली. हा डबा या जन्मी वाजत नाही, अशी तिची खात्री झाली होती. म्हणून तिकडे जाऊन तिनं कुणालाही काही सांगितलं नाही.

रुळावर सुया बसवायला गुरुजींना अठरा दिवस लागले. ज्या दिवशी डबा पहिल्यांदा सलग वाजला, त्या दिवशी इसरूनं हार्मोनियमचा भाता बंद केला आणि म्हणाला, इतकं बरोबर तर आमच्या मंडळात कुणी म्हणत नाही. गुरुजींनी फक्त मान हलवली. आत मात्र त्यांना फार बरं वाटलं. मीराबाईचा आवाज आपण लाकडात धरून ठेवला, असं त्यांच्या मनात आलं, आणि ते कुणाला सांगण्यासारखं नसल्यामुळे त्यांनी दाराची कडी दुरुस्त करायला घेतली. ती सरपंचाच्या दाराची होती.

विसाव्या तारखेला मुलगी झाली. डिसेंबरच्या तिसऱ्या रविवारी नाव ठेवायचं ठरलं.

आता डबा सागवानाचा आणि सिरोंच्याचा रस्ता जंगलातून. सागवान न्यायचं तर पास लागतो, हे गुरुजींना माहीत होतं. इतकुशा डब्याला कोण विचारतं, असं सगळे म्हणाले. गुरुजी म्हणाले, कायद्यात लहान डबा असं लिहिलेलं नाही. त्यांनी जंगलखात्याच्या रेंज ऑफिसला अर्ज केला: नऊ इंच लांब, सहा इंच रुंद, पाच इंच उंच, वाजतो. बाबूनं अर्ज वाचला, परत वाचला आणि विचारलं की घनमीटर किती. गुरुजींनी पाटीवर केल्यासारखं गणित करून आकडा दिला. बाबू म्हणाला, एवढ्या कमी मालाचा रकाना आमच्याकडे नाही. चार चकरा झाल्या. पाचव्या चकरेला साहेबांना डबा वाजवून दाखवला, साहेब खूश झाले आणि पास मिळाला. त्यावर मालाचं वर्णन 'सागवान, गाणारे' असं होतं.

नाक्यावर बस थांबली तेव्हा गुरुजी पास हातात धरून तयारच होते. बसच्या पुढे एक ट्रक होता. वरून ताडपत्री, मागून ओंडक्यांची गोल गोल तोंडं बाहेर आलेली. ड्रायव्हरनं खिडकीतून नुसता हात बाहेर काढला आणि आडवा बांबू वर गेला. मग गार्ड बसमध्ये चढला, दोन थैल्या दाबून पाहिल्या आणि उतरायला लागला. गुरुजींनी त्याला हाक मारली, डब्यावरचं फडकं काढलं, पास पुढे केला. गार्ड म्हणाला, असू द्या बाबा. गुरुजी म्हणाले, शिक्का मारा. गार्डकडे शिक्का नव्हता. शेवटी त्यानं कंडक्टरचं पेन घेऊन पासच्या पाठीमागं सही केली, तीही बस चालू झाल्यावर, पायरीवर उभं राहून. गुरुजींनी पास घडी करून खिशात ठेवला. त्यांचं समाधान झालं होतं.

रविवारी क्वार्टरच्या पुढच्या खोलीत मंडळी जमली. खुशालच्या ऑफिसचे दोघंतिघं, दवाखान्यातल्या नर्सा, कंपाउंडर, तेलुगू बोलणारं शेजारचं कुटुंब. भिंतीशी टेबलावर बुद्धमूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो, पुढे मेणबत्त्या. वंदना झाली, मुलीचं नाव उत्पला ठेवलं. पेढे वाटायला सुगंधाबाई ताट घेऊन उठली. तेव्हा खुशाल म्हणाला की मामाजींनी काहीतरी आपल्या हातानं करून आणलं आहे, ते आधी पाहू.

गुरुजींनी फडकं काढलं. डबा पाहूनच लोक पुढे सरकले. सागवानाच्या रेषा झाकणावरून खाली एकसलग उतरलेल्या, सांधा कुठं आहे ते दिसतच नव्हतं. कंपाउंडरनं नख लावून पाहिलं. गुरुजींनी चावी घातली, शेवटपर्यंत फिरवली आणि झाकण उघडलं.

पहिला फेरा सगळ्यांनी श्वास धरून ऐकला. सत्यशीलेच्या मांडीवर बाळ होतं. तिनं एकदम मान वर केली. सुगंधाबाई ताट घेऊन होती तिथंच उभी राहिली. दुसरा फेरा सुरू झाला आणि दारातून एक मोकळा, खणखणीत आवाज आला. ती बुधरी होती, बाळंतिणींच्या वार्डातली आया. जंगलातल्या आतल्या गावची माडिया बाई. सहा वर्षं सत्यशीलेच्या हाताखाली काम करता करता ती मराठी शिकली होती, आणि त्यातली बरीचशी याच गाण्यातून. कारण सत्यशीला वार्डातल्या रडणाऱ्या पोरांना सहा वर्षं हेच गाणं म्हणत आली होती. नर्सांना ते पाठ होतं. आता चाल चालून आलेली पाहून त्याही बुधरीला मिळाल्या.

*नीज वं बाई, नीज वं बाई, बाप तुहा सुतार,*
*गावाले देते दार नि चौकट, घराले देते नकार.*

गुरुजींना गहिवरून आलं. एवढ्या लांब, नदीकाठच्या गावात, आपल्या मीराचं गाणं सगळ्यांना येतं! ते बोटानं ताल धरायला लागले. गाण्यात सुतार आहे हे ऐकून तर त्यांना विशेष आनंद झाला.

*खुर्ची केली सायबाले, पेटी केली तलाठ्याले,*
*माह्या पाटाचा पाय मोडला, येळ नाई त्याले.*

खुर्च्या बरेच सुतार करतात, असं गुरुजींच्या मनात आलं. पण तलाठ्याची पेटी? त्यांचं बोट थांबलं. गोंडपिपरीच्या घरी चुलीजवळ एक पाट होता, तीन पायांचा. चौथ्या पायाच्या जागी मीराबाई विटेचा तुकडा ठेवायची. तो तुकडा तिथं किती वर्षं होता, हे त्यांना आठवलं नाही. त्यांना तो कायमचाच वाटत आला होता.

*सुईदोऱ्याले डबी मागली, म्हणे लाकूड पाह्यतो,*
*बारा वर्सं झाली बाई, अजून लाकूड पाह्यते.*

हे कडवं नर्सांना सगळ्यात आवडीचं होतं. 'लाकूड पाह्यते' आलं की त्या हात डोळ्यांवर धरून लांब कुठंतरी पाहिल्यासारखं करायच्या. आताही त्यांनी तसंच केलं, आणि शेजारच्या तेलुगू बाईंनीही, अर्थ न कळता.

गुरुजींनी झाकण लावलं. डबा आतून वाजतच राहिला. सागवान चांगलं वाळलेलं होतं, आवाज बाहेर तितकाच गोड येत होता. त्यांनी तळहात झाकणावर दाबून धरला. पंखा आपल्या वेगानं फिरत राहिला. पुढची दोन कडवी त्यांनी ऐकली ती तशीच, हात डब्यावर ठेवून, शपथ घ्यायला उभ्या असलेल्या माणसासारखं. एकात साऱ्या गावाची मापं घेणाऱ्या पण बायकोच्या हाताला येईल अशी मांडणीची फळी कधी न लावणाऱ्या माणसाचं वर्णन होतं. दुसरं त्यांना नीट कळलं नाही, कारण तोवर लोक फार हसत होते.

स्प्रिंग उतरली. डबा थांबला. बुधरीनं पदरानं डोळे पुसले आणि सत्यशीलेला विचारलं, "बाई, हा सुतार खरा होता का वं कोनी?"

सत्यशीला बाळाच्या टोपीची नाडी सोडून पुन्हा बांधायला लागली. खुशालला काही माहीत नव्हतं, पण बायकोचा चेहरा पाहून तो पेढ्याच्या ताटाकडे वळला. सुगंधाबाईनं जमिनीकडे पाहिलं.

"मीच तो," गुरुजी म्हणाले. हजेरीला उत्तर द्यावं तसं म्हणाले.

मग बुधरी आधीपेक्षाही मोठ्यानं हसली. "तुमी कसे, बाबा," ती म्हणाली. "तुमी तं पोरीच्या पोरीले केवढा सुंदर डबा करून आनला. तो सुतार निराळा."

सगळ्यांना ते पटलं. कंपाउंडर म्हणाला, गुरुजी मोठे गमत्ये आहेत. पेढे वाटले गेले.

संध्याकाळी मंडळी गेल्यावर गुरुजी मागच्या अंगणात बाजेवर बसले. सुगंधाबाई भांडी घासायला बाहेर आली आणि राख हातात घेऊन तशीच बसली. तिनं आठवण करून दिली की तिनं तीनदा विचारलं होतं. गुरुजींनी मान्य केलं. मग त्यांनी विचारलं की गाण्याला एकूण कडवी किती. तिनं सांगितलं, मोजली नाहीत. घरात काही झालं की मीरा नवं जोडायची, काही महिन्याभरानं गळायची, डबीचं मात्र शेवटपर्यंत राहिलं.

गुरुजींना डबी आठवली. म्हणजे मागणं आठवलं. पाऊस होता, मीराबाई दारात उभी होती आणि सुया पावडरच्या डब्यात गंजतात असं काहीतरी म्हणत होती. त्यांनी तेव्हा आढ्याकडे पाहिलं होतं. फळी फार चांगली होती, आणि काम फार लहान.

"तिनं मले सांगतलं काऊन नाई?" त्यांनी विचारलं.

सुगंधाबाईला याचं उत्तर शोधावं लागलं नाही. "तीस वर्सं सांगतच तं होती, भाऊजी. रोज सांगत होती."

तिनं हे रागानं म्हटलं नाही. आतून सत्यशीलेनं चहा आणला. बाबा, मी ते तुमच्यावर राग म्हणून म्हणत नव्हते, असं ती सांगायला लागली. आईचं दुसरं गाणं मला येतच नव्हतं, आणि वार्डातली पोरं त्यानं झोपतात. गुरुजींनी विचारलं, खरंच झोपतात का? लगेच, असं ती म्हणाली. त्यांनी चहा घेतला. तिसऱ्या दिवशी, ठरल्याप्रमाणे, ते परत गेले. डबा सत्यशीलेच्या खिडकीत राहिला.

गोंडपिपरीला पोचल्यावर पहिलं काम त्यांनी पाटाचं केलं. चौथा पाय बसवला, पाट जमिनीवर ठेवून चारी बाजूंनी दाबून पाहिला. जरासुद्धा डुगडुगत नव्हता. मग तो पाट त्यांनी भिंतीशी उभा करून ठेवला. त्यावर बसून स्वयंपाक करणारं घरात कुणी नव्हतं, आणि गुरुजी स्वतः स्टोव्हजवळ उभे राहून भात शिजवायचे. उरलेल्या सागवानातून त्यांनी एक डबीही केली. महिनाभर ती बाकावर पडून होती. शेवटी सुगंधाबाईला दिली. तिनं ती घेतली, बरं झालं म्हणाली आणि तिच्यात तंबाखू ठेवली.

सत्त्याऐंशीच्या ऑक्टोबरात सत्यशीलेचं अंतर्देशीय पत्र आलं. उत्पला चालायला लागली आहे, तिनं डब्यात चमचा घातला, त्यात तीन दाते मोडले. पहिली ओळ नीट वाजते, दुसरी मधातच गळते. 'अजून लाकूड पाह्यते' येतच नाही. ती ओळ नसल्यावर गाण्यात काही राहत नाही, असं सगळ्यांचं म्हणणं आहे. बुधरी रोज विचारते. तुम्हाला वेळ असेल तेव्हा या.

हेडमास्तरांच्या घराची खिडकी अर्धी झाली होती. गुरुजींनी त्यांना निरोप पाठवला आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं, करवतीचं पातं आणि कानशी थैलीत टाकून, ते निघाले.

तिथं पोचल्यावर अडचण लक्षात आली. दाते कापणं सोपं होतं, सुरात आणायचे कसे? इसरू मागं राहिला, सुगंधाबाईला खोकला झाला होता, सत्यशीलेची ड्यूटी चार वाजेपर्यंत होती. गुरुजी क्वार्टरच्या पायरीवर फणी घेऊन बसून राहिले. उत्पला त्यांच्या चपलेशी खेळत होती. तेवढ्यात बुधरी वार्डातून कपडे वाळत घालायला आली. तिला एव्हाना सत्यशीलेनं सुतार कोण ते सांगितलं होतं. त्याचं तिला काही वाटलेलं दिसत नव्हतं. तिनं फणी पाहिली, अडचण ऐकली आणि म्हणाली की तुम्ही म्हणा, चुकलं तर मी सांगते.

गुरुजींनी सांगितलं की मला गाता येत नाही. बुधरी म्हणाली, गाणं कोण म्हणते, सूर सांगा. मला कपडे वाळत घालायचे आहेत.

समोर झाडाखाली पेशंटांची माणसं बसली होती. गुरुजींनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं, दाता चिमट्यात धरला आणि म्हटलं,

"अजून लाकूड पाह्यते."

झाडाखालची माणसं वळली. एक म्हातारा उठून जवळ येऊन बसला.

"खाली गेला, बाबा," बुधरी चादर पिळत म्हणाली. "वरून घ्या."

गुरुजींनी वरून घेतलं. तिनं मान हलवली. त्यांनी कानशीचे दोन हात मारले, दाता नखानं उडवून ऐकला, आणि पुन्हा म्हटलं, आधीपेक्षा मोठ्यानं. चार वाजता सत्यशीला ड्यूटीवरून येत होती. तिला फाटकापासूनच ऐकू आलं. ती तिथंच थांबली आणि आत यायची घाई केली नाही.

दिवे लागेपर्यंत 'अजून' आणि 'लाकूड' सुरात आले होते. 'पाह्यते'चा दाता तेवढा राहिला होता, आणि बुधरीला तो काही केल्या पसंत पडत नव्हता. गुरुजींनी पाण्याचा घोट घेतला, नातीला चपलेवरून उचलून मांडीवर घेतलं आणि घसा साफ केला.